ठिपका कुठे थांबला?

मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, "मोबाइलवर लाइव्ह लोकेशन पाठवता येतं, मग हे डबडं कंबरेला कशाला?" प्रश्न रास्त आहे. आम्ही इंदूरचे चौघं हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवर बोलणारे, महूमार्गे जानापावच्या डोंगरावर गेलो होतो. त्या सहलीवरूनच उत्तर देतो.

डबडं म्हणजे माझा ५ वॉटचा रेडिओ हँडसेट, त्याला जीपीएस. तो दर थोड्या वेळानं 'चर्र' असा आवाज हवेत सोडतो, एक सेकंदही लागत नाही. १२०० आणि २२०० हर्ट्‌झच्या दोन सुरांत माझं कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव), अक्षांश, रेखांश सगळं आलं. कॉलसाइनपुढे ७ म्हणजे हातातला संच, ९ म्हणजे गाडीतला, असा संकेत. अक्षांश अंशातल्या मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे साधारण १८ मीटरचा फरक. जवळच्या झाडाखाली बसलोय की पलीकडच्या, ते नाही कळणार!

रेडिओवरून ठिकाण कळवायची ही एपीआरएस (ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम) पद्धत अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांची. १९८४ साली त्यांनी व्हिक-२० या घरगुती संगणकावर शंभर मैलांच्या शर्यतीतले घोडे कुठे आहेत ते दाखवलं होतं. नावातला 'पी' आधी 'पोझिशन'चा होता, नंतर त्यांनीच तो 'पॅकेट'चा, म्हणजे एका दमात पाठवलेल्या माहितीच्या पुडक्याचा केला. लोक याला गाड्यांवर पाळत ठेवायचं यंत्र समजतात, हे त्यांना कधीच पटलं नाही. आसपास कोण आहे, कोणाशी बोलता येईल, हे तिथल्या तिथे कळावं, एवढाच त्यांचा हेतू.

तर जानापाव. इंदूरला एका मित्राच्या गच्चीवर रिसीव्हर होता. तो आमचे सिग्नल पकडून इंटरनेटवर चढवायचा आणि घरचे नकाशा बघत बसायचे. आम्ही जेवणाचे डबे सोडले ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, सावलीत. आमच्या संचाच्या व्हीएचएफ रेडिओलहरी डोंगर भेदून जात नाहीत, त्यामुळे नकाशावरचा ठिपका तासभर पायथ्याशीच. आणि पॅकेट पोचलं की नाही, याची पोच संचाला मिळत नाही. खुशालीचं कार्ड टपालपेटीत टाकलं, पुढचं पोस्टमनच्या हाती, तसंच. आम्ही श्रीखंड-पुरी खातोय आणि घरी सौ. मित्राला तिसरा फोन लावतेय!

त्याच वेळी आमच्यातला एक मागे राहिला होता. तिथे मोबाइलला रेंज नाही, नेट नाही. पण त्याचा 'चर्र' थेट माझ्या संचात येत होता. पडद्यावर कॉलसाइन, अंतर सहाशे मीटर, दिशा ईशान्य. संचावरूनच हाक मारली, तर पठ्ठ्या म्हणाला, "चप्पल तुटलीय." काकू, डबडं यासाठी.

एक मात्र सांगतो, कारण नवे लोक हटकून चुकतात. दर दहा सेकंदांनी ठिकाण पाठवू नका. वाहिनी एकच, बोलणारे अनेक, आणि दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. सरळ रस्त्यावर गप्प, वळणावर बोला. चांगले ट्रॅकर, म्हणजे ठिकाण पाठवणारे संच, हे आपणहून करतात. आणि परवाना नसेल तर पाठवायचं नाहीच.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा जे ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही. आता सौ. नकाशा उघडते आणि ठिपक्याआधी त्याच्या शेजारची वेळ वाचते.