रविवारी पोरांना कुठं न्यायचं?

मला बोलवायला आलेल्या ताई म्हणाल्या, ‘कमी खर्चात लहान मुलांना कुठं नेता येईल, यावर बोला. आणि यादी दिलीत तर ग्रुपवर टाकता येईल.’ यादी मी देणार नाही. पुण्यात राहणाऱ्यांना सारसबाग आणि पर्वती सांगायला माझी काय गरज? पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून गोल फिरतेय. इथं बसलेल्यांपैकी निम्मे जण तिच्यात बसून कधीतरी रडलेले असणार. ठिकाणांना तोटा नाही. आपण एका रविवारात चार ठिकाणं उरकायला निघतो, आणि तिथं सगळं बिघडतं.

मी २६ वर्षं बालवाडी चालवली. सोमवारी सकाळी मुलांना गोलात बसवून विचारायचे, ‘काल काय काय केलं?’ एकदा एक मुलगा तीन दिवस समुद्रावर राहून आला होता, चांगल्या महागड्या ठिकाणी. त्यानं सांगितलं, ‘आमच्या खोलीत पाल होती.’ झालं, संपलं. त्याच्या शेजारची मुलगी आजीबरोबर मंडईत गेली होती. ती थांबेचना. मांजर पोत्यावर झोपलं होतं, काकांनी मटार फुकट दिले, आजी भांडली, मग हसली. शेवटी मलाच तिला थांबवावं लागलं.

आता एक सहल जरा सविस्तर सांगते. भाजे लेणी, लोणावळ्याजवळची जुनी बौद्ध लेणी. नातू तेव्हा साडेचार वर्षांचा होता. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली आणि मळवलीला उतरलो. पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट नाही, आणि दोन मोठ्या माणसांचं जाणं-येणं शंभराच्या आत होतं. भाजे पुरातत्त्व खात्याकडे आहे, म्हणजे तिथं १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट. खाऊ घरचा: गूळ-तूप लावून गुंडाळलेल्या पोळ्या, काकडी, पाणी.

स्टेशनवरून गावाकडं चालत निघालं की एक्सप्रेसवेवरचा पूल लागतो. मोठ्यांना तो पूल म्हणजे दोन मिनिटांचं काम. आम्हाला वीस मिनिटं लागली, कारण खालून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करायचा होता. एका ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्यानंतर तर विचारूच नका. माझे यजमान दोनदा घड्याळ बघून म्हणाले, ‘अगं, लेणी राहिलीत.’ मी म्हटलं, ‘दोन हजार वर्षं राहिलीत, अजून दहा मिनिटं राहतील.’

लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी तिथं डोंगराची सावली मिळते. मुलांना घेऊन दुपारी उन्हात चढू नका. वर गेल्यावर मुख्य चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या दालनात, मान वर करून बघा. छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत, त्या जुन्या काळच्या, अजून टिकलेल्या. खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. नातवानं लगेच विचारलं, ‘हे पडणारेत का?’ कोरणाऱ्या लोकांच्या डोळ्यासमोर लाकडी घरं होती. लाकडी घरात छताचा भार पेलायला खांब तिरके रोवायचे, तीच सवय त्यांनी दगडात उतरवली. साडेचार वर्षांच्या पोराला एवढं कसं सांगणार? मी त्याला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं. पाय पुढं, पाठ मागं. ‘आता तू पडतोयस का?’ ‘नाही.’ ‘मग खांबही नाही पडत.’

थोडं पुढं स्तूपांचा एक पुंजका आहे. पाच स्तूप छपराखाली, नऊ बाहेर. एकूण किती ते त्यानं तीन वेळा मोजलं आणि तीन वेगळी उत्तरं काढली. मी एकदाही दुरुस्त केलं नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्यातले पुष्कळ जण सुट्टीच्या दिवशीही शाळा सोडत नाहीत.

खरी गंमत मात्र पुढंच होती. कातळाच्या कडेला, जिथं पावसाचं पाणी पोचत नाही, तिथं पिठासारखी माती असते. त्या मातीत नरसाळ्याच्या आकाराचे इवलेसे खड्डे होते. तळाशी मातीत एक किडा दबा धरून बसतो. चालता चालता मुंगी कडेवर आली की माती सुटते, मुंगी घसरते, आणि खालून तो किडा तिच्यावर माती उडवतो. पोरगं पालथं पडून बघत बसलं. पाठीमागं दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी, समोर विसापूर-लोहगडाकडं जाणारी वाट, आणि हा मातीत नाक खुपसून मुंगी वाचते की नाही ते बघतोय. वाचली एक. टाळ्या वाजवल्या त्यानं.

परतताना आमची फजिती झाली. दुपारी लोकल किती वेळानं आहेत ते मी बघूनच ठेवलं नव्हतं. मळवलीच्या बाकावर दीड तास! मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. तेवढ्यात मालगाडी आली. नातवानं डबे मोजायला घेतले, मध्येच आकडे संपले तेव्हा आजोबांनी पुढं मोजले, ५८ भरले. घरी आल्यावर आईला त्यानं पहिली गोष्ट कुठली सांगितली असेल? ५८ डबे. लेणी चौथ्या नंबरावर. तरी परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, दर वेळी मालगाडी येईलच असं नाही.

जवळचं हवं असेल तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आहे. नंदीच्या गोल मंडपाभोवती मुलांना पळू द्या. नंतर सांगा, हे बांधलेलं नाही, दगडातून कोरून काढलंय. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत असं म्हणतात; बरोबर आहे का ते मुलांनाच मोजू द्या. मृगाचे पहिले पाऊस पडले की टेकडीवर लाल मखमली किडे निघतात, एका बोटाएवढ्या जागेत दोन-तीन. हातावर घ्या, बघा, जिथून घेतले तिथंच सोडा. डबीत भरून घरी आणायचे नाहीत, यावर मी कडक आहे.

पावसाळ्यात रविवारी धबधब्याकडं मात्र लहान मुलं घेऊन जाऊ नका. पाणी वरून कधी वाढेल ते खाली उभ्या माणसाला कळत नाही. हे एवढं ऐका.

आणखी एक, लाजत बसू नका: कुठंही पोचलात की आधी मुलाला शू करायची सोय कुठं आहे ते शोधा. अर्ध्या सहली तिथंच फसतात. टॉवेल आणि जास्तीची चड्डी पिशवीत वरच ठेवा, तळाशी नको.

काही विचारायचं असेल तर विचारा. चहा आलेला दिसतोय. आणि मागच्या दारातून तीन पोरं मघाशी बाहेर गेलीत, कुणीतरी बघा बरं.