व्हॅम्पायरच्या मालिका: कुठला भाग वाचावा, कुठला सोडावा

नमस्कार श्रोतेहो. नाशकात एखाद्या मुलाला, मुलीला वाचनाचं वेड लागलं, की वर्षा-दोन वर्षांत ते व्हॅम्पायरच्या नाहीतर जादूच्या दुनियेच्या मालिकांपाशी येऊन पोहोचतं. बारा, तेरा, चौदा जाडजूड खंड. मग प्रश्न येतो, ‘ताई, सगळे भाग वाचायलाच हवेत का?’ नाही. ज्या भागात कुणालाच काही गमवावं लागत नाही, तो भाग खुशाल बाजूला ठेवावा. हे मी का म्हणते, ते आज सांगते.

ॲन राइस यांच्या ‘व्हॅम्पायर क्रॉनिकल्स’पासून सुरुवात करू. १९७६ ते २०१८ या काळात तेरा पुस्तकं आली. पहिलं ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ मला आजही सगळ्यांत मोठं वाटतं, आणि त्याचं कारण क्लॉडिया. पाच वर्षांच्या या मुलीला व्हॅम्पायर केलं जातं. पुढे दशकं उलटतात, मन बाईचं होतं, शरीर मात्र लहान मुलीचंच राहतं. अमर होण्याची एवढी क्रूर किंमत दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मी वाचलेली नाही. राइस यांची स्वतःची मुलगी १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिला सहावं वर्षही पूर्ण करता आलं नव्हतं. हे ठाऊक झाल्यावर त्या पानांवरून हात पटकन पुढे जात नाही.

चौथा भाग, १९९२चा ‘द टेल ऑफ द बॉडी थीफ’, पुष्कळांना हलका वाटतो. मला तो फार आवडतो. लेस्टाट या व्हॅम्पायरला पुन्हा माणूस व्हायचंय, म्हणून तो आपलं शरीर एका माणसाशी बदलून घेतो. आणि काय हाती लागतं? थंडी, भूक, न्यूमोनिया. ज्या माणूसपणासाठी एवढा जीव टाकला, ते असं अंगावर येतं.

आता २०१६चं अटलांटिसवालं पुस्तक घ्या. तिसऱ्या भागात राइस यांनी एक जबरदस्त अट घालून ठेवली होती: सगळ्या व्हॅम्पायरांचा जीव एकाच मूळ आत्म्याला बांधलेला, तो संपला की सगळे संपले. या नव्या पुस्तकात ती गाठच सोडवून टाकली जाते आणि कुणाचं काही बिघडत नाही. माझा खरा राग इथे आहे. अठ्ठावीस वर्षं जी भीती वाचकाने मनात बाळगली, ती अशी काढून घ्यायची नसते.

‘ट्वायलाइट’बद्दलही माझी हीच तक्रार आहे. दुसऱ्या भागात नायिका बेलाचा व्हॅम्पायर प्रियकर एडवर्ड निघून जातो, आणि पुस्तकात पुढच्या पानांवर फक्त महिन्यांची नावं येतात: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी पान कोरं. विरह दाखवण्याची ही रीत मला थोर वाटते. शेवटचा भाग २००८चा. त्यातलं बेलाचं बाळंतपण अंगावर काटा आणतं, तिथवर पुस्तक खरंच चांगलं आहे. पण त्यानंतर? तीन भाग आपल्याला बजावलेलं असतं, की नवा व्हॅम्पायर रक्तासाठी वेडापिसा होतो, घरच्यांना कायमचं मुकतो. बेला व्हॅम्पायर होते, पण तिच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. वडील भेटत राहतात, पदरात मुलगी असते, आणि ज्या युद्धाची एवढी तयारी झाली ते न होताच शत्रू परत जातात.

चार्लेन हॅरिस यांची सुकी स्टॅकहाउसची मालिका २०१३ साली तेराव्या भागावर संपली, तेव्हा शेवटी सुकी व्हॅम्पायरला सोडून दुसऱ्याची झाली यावर वाचक भयंकर संतापले. मला तो निर्णय पटतो. व्हॅम्पायरच्या सहवासातल्या रक्तपाताला कंटाळलेली बाई असंच करेल.

आता जादूच्या दुनियेची मालिका. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा दहावा भाग, २००३चा, हा बदनाम भाग. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. दहाव्यात बरीचशी पानं बाकीची पात्रं तीच घटना लांबून जाणवून घेत बसतात, आपापल्या तंबूत चहा पितात, कपडे बदलतात. कुणी काही ठरवत नाही. अकराव्यात मात्र नायक रँडचा डावा हात जातो, आणि मालिकेत पुन्हा धुगधुगी येते. जॉर्डन २००७ साली गेले. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन भाग लिहिले, तेही कामाची लाज राखून.

श्रोतेहो, ही कसोटी मी बाहेरून आणलेली नाही. वेतालाच्या गोष्टी आठवा. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त तो राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचं नगर गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपल्याच नदीवर खाली असलेलं पैठण. वेतालाची अट अशी: उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर मस्तक फुटेल, बोललास तर मी झाडावर परत जाईन. दर गोष्टीला राजा खांद्यावरचं प्रेत गमावतो, पुन्हा स्मशानात जातो. रचना तीच, तरी कंटाळा येत नाही, कारण सोमदेव ती अट कधीच सैल करत नाही. शेवटी राजाकडे उत्तर नसतं, तेव्हाच तो खरोखर गप्प राहतो आणि वेताल सुटतो.

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी राइस यांचे पहिले चार भाग सलग वाचावेत. ‘ट्वायलाइट’मध्ये दुसरा चुकवू नये. जॉर्डनच्या दहाव्याचा सारांश मित्राकडून ऐकावा आणि अकरावा हातात घ्यावा. वाचनालयात मधला एखादा भाग कुणीतरी नेलेला असतोच. तो दहावा असेल, तर परत यायची वाट पाहू नका.