उजनीच्या पाण्यातलं शिखर

श्रोतेहो, नमस्कार.

नळाला पाणी यायचा दिवस असला की आपल्या सोलापुरात घराघरांत केवढी धांदल! हंडे, कळशा, पिंपं. त्यातलं बरंचसं पाणी उजनीचं. आज तुम्हाला त्याच उजनीच्या फुगवट्यावर न्यायचंय, पळसदेवला.

पळसदेव आपल्या पुणे-सोलापूर रस्त्यालगतच, इंदापूर तालुक्यात. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं, माणसं वर येऊन राहिली. पळसनाथाचं देऊळ मात्र तिथंच राहिलं. धरण भरलं की पाण्याबाहेर उरतं ते त्याचं शिखर. उजनीत ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. उन्हाळ्यात 'उजनी वजा' अशी बातमी ऐकलीत, की समजा, पाणी त्या मृतसाठ्यात उतरलंय आणि देवळाच्या पायऱ्या उघड्या पडत आहेत. तेव्हा चालतही जाता येतं. एरवी होडीच.

मी गेलो तेव्हा जानेवारी होता. होडीवाले मामा भोई समाजातले. शिखराशी आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि वल्ह्यानं होडी हळूच कडेला लावली. हात लांबवला तर विटांना लागत होता. लाटांनी कडा झिजून गोल झालेल्या, सांध्यांत शिंपले अडकलेले, आणि वर पाण्यानं ओढलेल्या पांढऱ्या रेघा, एकावर एक, वर्षावर्षाच्या. मामा म्हणाले, "आमच्या आज्याचं घर हितंच, खाली." मी पाण्यात पाहिलं. काहीच दिसलं नाही, पण हात परत विटांवर ठेववेना.

परतताना उथळ पाण्यात रोहित पक्षी चरत होते, माना खाली, चोची उलट्या. मामांनी होडी लांबूनच वळवली. काही जण फोटोसाठी थवा उडवायला सांगतात. कृपा करून तसं सांगू नका. दिवसभर चरणं मोडलं तर त्यांनी पोट कधी भरायचं?

आणि एक कळकळीचं. मे २०२४ मध्ये याच जलाशयात, कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. मीही पूर्वी एकदा लाइफ जॅकेटशिवाय बसलोय. मधोमध वारं सुटलं आणि काठ दिसेनासा झाला, तेव्हा आईची आठवण आली. म्हणून जॅकेट मागा. नसेल तर बसू नका. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर होडीत पाऊल टाकू नका. मामा स्वतःही टाकत नाहीत.

सकाळी लवकर निघा. ऊन चढायच्या आत शिखराची सावली पाण्यावर लांब पडलेली असते.