बत्तीस बार मोजा, मग बोलू

नमस्कार मंडळी. आज जॅझबद्दल बोलायचंय, आणि तेही आपल्या मुंबईतल्या, म्हणजे रात्री साडेनऊला कुठल्यातरी रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात काट्याचमच्यांच्या आवाजात सुरू होतं ना, त्या जॅझबद्दल. ‘ते आपलं काम नाही बुवा’ म्हणून लगेच स्टेशन बदलू नका, कारण ख्याल ऐकणाऱ्या माणसाची या गाण्यासाठी निम्मी तयारी आधीच झालेली असते, फक्त ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

पहिली तक्रार ठरलेली. सगळे आपापलं काहीतरी वाजवतायत, कोणाचा कोणाला पत्ता नाही. तसं नसतं. बहुतेक जुन्या चाली बत्तीस बारच्या असतात, एका बारात चार मात्रा, आठ-आठ बारचे चार तुकडे, त्यातला पहिला, दुसरा आणि चौथा सारखा आणि तिसरा वेगळा. सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल एकदा वाजवतात, त्याला वादक मंडळी हेड म्हणतात. मग चाल गायब होते आणि नवखा माणूस इथेच हरवतो, पण तो बत्तीस बारचा सांगाडा कुठेही गेलेला नसतो, बेसवाला तो पायाखाली धरून असतो आणि सॅक्सवाला वर काहीही करत असला तरी मनात मोजत असतो. आपल्याकडे तबलजीने ठेका धरलाय आणि बुवा कुठेकुठे फिरून समेवर येतायत, तसंच.

फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे राग एकदा धरला की त्याचे सूर तासभर तेच. इथे खालची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलत राहते, कधी कधी प्रत्येक बारला, त्यामुळे आत्ता जो सूर गोड लागला तोच दोन सेकंदांनी खुपायला लागतो, आणि वाजवणाऱ्याला ते आधी कळावं लागतं. ऐनवेळी सुचणं म्हणजे आकाशातून पडणं नव्हे हो, त्या कॉर्ड त्याने घरी वर्षानुवर्षं घोटलेल्या असतात, रात्री फक्त कुठे वळायचं ते ठरतं.

आणि हे ठरतं कसं ते बघायचं असेल तर पुढच्या टेबलावर बसा. सोलो वाजवणारा मध्येच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवतो, त्याला घाम आलेला नसतो, तो सांगत असतो की आता परत हेड. चार बोटं दाखवली तर चार बार मी, चार बार ड्रमर, म्हणजे आपली सवालजवाबच. मूठ वर गेली की थांबा. ज्यांनी एकमेकांबरोबर कधी रियाज केलेला नाही असे चार लोक एवढ्यावर अख्खा सेट काढतात, आणि कोणी फेरी, म्हणजे बत्तीस बारचं एक आवर्तन, चुकला तर बेसवाला एकदा त्याच्याकडे बघतो आणि तिसरा तुकडा जरा ठासून वाजवतो, की बाबा रे, आपण इथे आहोत.

आता हे मुंबईत आलं कुठून? १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, मागून आणखी आले, आणि ते ऐकायला गोव्याची पोरं होती. त्यांच्याकडे चर्चच्या शाळेत शिकलेलं नोटेशन होतं, समोर कागद ठेवा, लगेच वाजवून दाखवणार. कागदाबाहेरचं वाजवणं त्यांनी असं ऐकूनऐकून उचललं. बार्देशातल्या हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, ते ट्रंपेट वाजवायचे, आणि अमेरिकेतल्या ट्रंपेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगवरून त्यांना तर मुंबईचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. हेच चिक चॉकलेट संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे चितळकर, यांचे सहायक होते, आणि भगवानदादांच्या १९५१च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. म्हणजे आपले चितळकर, आपले भगवानदादा आणि हळदोण्याचा ट्रंपेट, आणि आपण अजून विचारतोय जॅझ कोणाचं! दिवसा स्टुडिओत कागद वाचून वाजवायचं आणि रात्री हॉटेलात जाऊन मोकळं व्हायचं, अशी कितीतरी जणांची आयुष्यं या शहरात गेली, आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत बहुतेकांचं नावसुद्धा नाही.

मग १९७८ला निरंजन झवेरी आणि मंडळींनी जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला, धोबी तलावला झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवनात, उघड्यावर. त्या पहिल्या यात्रेला अमेरिकन सॅक्सवाला सॉनी रॉलिन्स आला होता. हा माणूस नाव झालेलं असताना कार्यक्रम सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटाच रियाज करत बसायचा, आणि साठच्या दशकाच्या शेवटी तो आपल्या पवईच्या आश्रमातही राहून गेलेला. पवई! आज तिथून जाताना ट्रॅफिकमध्ये बसल्याबसल्या मला हे दर वेळी आठवतं.

रंगभवन पुढे शांतता क्षेत्रात गेलं, शेजारी हॉस्पिटलं आहेत, नियम बरोबरच आहे, पण त्याच्या बदल्यात तशी दुसरी जागा काही शहराने दिली नाही. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडात २००७ला ब्लू फ्रॉग नावाचं लाइव्ह संगीताचं ठिकाण निघालं, तेही २०१६ला बंद झालं. आता नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र आहे, तिथे लोक नीट बसून ऐकतात, आणि बाकी सगळं रेस्टॉरंटांच्या भरवशावर. एका ठिकाणी तर मी बघितलंय, बँडच्या बरोब्बर डोक्यावर टीव्ही, त्यावर आयपीएल, आणि पियानोवाला जीव तोडून सोलो रंगवतोय तेवढ्यात विकेट पडली म्हणून अख्खं हॉटेल ओरडलं. ड्रमर हुशार, त्याने त्या ओरडण्यावरच एक दणका दिला आणि पुढची फेरी तिथून उचलली. हसू आलं, पण राग पण आला. आपल्याकडच्या श्रोत्याला समज नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही, त्याची खुर्चीच जेवणाच्या टेबलाला लावलेली आहे तर तो काय करणार.

तरी जा. पहिल्या सेटला मंडळी जपून वाजवतात, खरी मजा दुसऱ्या सेटला, दुसरीकडचे गिग संपवून आलेले वादक हळूच आपली वाद्यं उघडतात तेव्हा. शेवटच्या लोकलचं गणित बसवून थांबता आलं तर थांबा. आणि मध्येच ‘क्या बात है’ निघालं तोंडातून तर दाबू नका, बँडला ते हवंच असतं.

तोवर घरबसल्या सराव. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’ लावतेय, १९५९चं रेकॉर्डिंग. हे मुद्दाम निवडलंय, कारण बत्तीस बार तेच, पण कॉर्ड दोनच, त्यामुळे कान गोंधळत नाही. चाल बेस वाजवतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांत उत्तर देतात. पहिले सोळा बार पेटीवरची पांढरी दोन, मग आठ बार सगळं एका पट्टीने वर, काळी दोन, आणि शेवटचे आठ परत खाली. पेटीवर बोट ठेवून बसलात तरी चालेल. सुरुवातीला पियानो आणि बेस ताल सोडून थोडं बोलतात, ते मोजू नका, बेस ठेक्यात आला की तिथून धरा. हेड झालं की माइल्स दोन फेऱ्या घेतो, त्याच्यामागून सॅक्सवाला कोल्ट्रेन दोन. तुमचा तिसरा तुकडा सुरू व्हायला आणि सूर वर सरकायला एकच गाठ पडली तर तुमचं मोजणं बरोबर चाललंय. नाही पडली तर पुढच्या वळणावर पुन्हा पकडा. लावते.