कारण : म्हातारा

(एका क्रीडा मंडळाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, शब्दांकन करताना थोडं संपादित केलेलं.)

मंडळी, एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, प्रत्येक मॅचनंतर एक तक्ता निघतो. कोण किती मिनिटं खेळला, किती पॉइंट, किती रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर किती वेळा बॉल पकडला. जो खेळला नाही त्याच्या नावापुढे कारण लिहितात. गुडघा, घोटा, ताप, नाहीतर नुसतंच ‘कोचचा निर्णय’. 25 मार्च 2012 ला सॅन अँटोनियो स्पर्सची फिलाडेल्फियाशी मॅच झाली. त्या तक्त्यात स्पर्सच्या टिम डंकनच्या नावापुढे कारण छापलं होतं, ‘ओल्ड’. म्हातारा! बाकी काही नाही.

(हशा) हसा, तिकडेही लोक हसले. पण आपल्याकडे एखाद्या मोठ्या खेळाडूबद्दल असं छापून बघा, संध्याकाळपर्यंत चौकात पुतळा जळालेला असेल. डंकन तेव्हा 35 वर्षांचा होता. चार वेळा चॅम्पियन, दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. संघमालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे सीझन 66 मॅचचाच झाला होता, तारखा दाटीवाटीने लावलेल्या, आणि स्पर्सची ती तीन रात्रींतली तिसरी मॅच होती. कोच ग्रेग पॉपोविच यांनी त्याला बसवलं आणि वर थट्टाही केली. आज मला या थट्टेबद्दलच बोलायचंय. ती पचवता येणं म्हणजे काय, एवढाच माझा विषय.

निवृत्तीचा विषय निघाला की आपल्याला विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य आठवतं. लोक ‘का सोडतोस’ विचारतायत तोवर सोडावं, ‘का सोडत नाहीस’ विचारेपर्यंत थांबू नये. लहानपणी मला ते ब्रह्मवाक्य वाटायचं. आता वाटतं की त्यात दोनच खोल्या आहेत, शिखरावर असणं आणि घरी बसणं. मधला जिना कुणी सांगतच नाही. डंकन तो जिना एकेक पायरी मोजत उतरला, आणि उतरताना पाचवी ट्रॉफी घेऊन आला.

थोडी ओळख करून देतो. तो कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटाचा. आधी बास्केटबॉल नव्हताच, तो पोहायचा. 1989 मध्ये ह्यूगो चक्रीवादळात बेटावरचा तलाव उद्ध्वस्त झाला आणि पोहणं सुटलं. पुढच्याच वर्षी, चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कॅन्सरने गेली. 1997 मध्ये स्पर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि तो 19 सीझन त्याच एका संघाकडून खेळला. खेळ कसा, तर बिनमसाल्याचा. रिंगच्या डाव्या बाजूला, साधारण पंचेचाळीस अंशात उभं राहायचं, बचाव करणाऱ्याकडे तोंड करायचं, आणि बोर्डावर जो चौकोन आखलेला असतो त्याच्या वरच्या कोपऱ्यावर बॉल ठेवून द्यायचा. मारायचा नाही, ठेवायचा. आमच्या सिमेंटच्या कोर्टावर कोच पोरांना पहिल्या महिन्यात हाच शॉट शिकवायचे, आणि दुसऱ्या महिन्यात पोरं तो सोडून द्यायची, कारण त्यात टाळ्या नाहीत.

2011 मध्ये स्पर्स 61 मॅच जिंकून आपल्या विभागात पहिले आले आणि प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या मेम्फिसकडून हरले. डंकनची सरासरी साडेतेरा पॉइंटच्याही खाली गेली होती. सगळ्यांनी मृत्युलेख लिहून टाकले. इथून पुढे त्याने काय केलं ते बघा.

एक, वजन उतरवलं. पस्तिशीनंतर गुडघ्यावरचा एकेक किलो मोजावा लागतो, हे मी स्वतःच्या गुडघ्याला विचारून सांगतो. दुसरं म्हणजे मिनिटं. तो मॅचला अठ्ठावीस-तीस मिनिटंच खेळू लागला, आणि ते त्याने मान्य केलं. 2013-14 च्या सीझनमध्ये तर स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांवर गेली नाही. लीगच्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं, आणि त्या वर्षी ते 62 मॅच जिंकले. लीगला मात्र ही विश्रांती आवडायची नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये मायामीच्या मॅचआधी पॉपोविच यांनी डंकनसह चौघांना सरळ घरी पाठवलं, तेव्हा संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला.

आणि तिसरं पैसे. यावर जरा थांबतो, कारण यावर कुणी फारसं बोलत नाही. एनबीएमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. एका ताऱ्याने ताटातलं जास्त घेतलं की बाकीच्यांना कमी उरतं. 2011-12 मध्ये डंकनला दोन कोटी डॉलरहून जास्त मिळत होते. 2012 च्या उन्हाळ्यात त्याने नवा करार केला तो वर्षाला साधारण एक कोटीचा. निम्मा! त्याच उन्हाळ्यात स्पर्सने डॅनी ग्रीन आणि बोरिस डियाव यांना राखून ठेवलं. त्यातलं डियावचं नाव लक्षात असू द्या.

आता कोणी म्हणेल, एवढं कमावल्यावर निम्म्यावर यायला काय जातं? बरोबर आहे. पण त्याच काळात लॉस एंजेलिस लेकर्सचा तारा कोबी ब्रायंट याने काय केलं तेही बघावं लागतं. एप्रिल 2013 मध्ये, रोज चाळीस-चाळीस मिनिटं खेळून, कोबीच्या टाचेवरची शीर तुटली. त्याने त्याच पायावर उभं राहून दोन फ्री थ्रो टाकले आणि चालत आत गेला. नोव्हेंबरमध्ये, तो परत कोर्टावर येण्याआधीच, लेकर्सने त्याच्याशी दोन वर्षांचा साडेचार कोटींच्या वरचा करार केला. मग गुडघा गेला, मग खांदा. 2015-16 मध्ये लेकर्स 17 जिंकले, 65 हरले. शेवटच्या मॅचचा दिवस अमेरिकेत 13 एप्रिल, आपल्याकडे 14 ची सकाळ, आंबेडकर जयंतीची सुट्टी. मी चहा घेऊन बसलो तो उठलोच नाही. 50 शॉट मारले त्याने, 60 पॉइंट केले आणि मॅच जिंकून दिली. चहाचं पार पाणी झालं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. तसं संपवायला काळीज लागतं. पण तो एका माणसाचा सोहळा होता, आणि बाकीचे चौघे त्याला बॉल आणून देत होते.

डंकनकडे परत येतो. 2013 ची फायनल, मायामीविरुद्ध सहावी मॅच. 37 वर्षांचा हा माणूस पहिल्या हाफमध्ये 25 पॉइंट करतो, एकूण 30. शेवटची 28 सेकंद उरलेली, स्पर्स पाच पॉइंटनी पुढे, ट्रॉफी जवळजवळ हातात. आणि पॉपोविच डंकनला बेंचवर बसवतात! कारण होतं. मायामीला तीन पॉइंटचे शॉट हवे होते, आणि त्यांच्या मागे धावायला चपळ पाय हवे होते. पण फरक तीनवर आला, मग मायामीचा शॉट चुकला, रिबाउंड त्यांच्याच ख्रिस बॉशने घेतला, बॉल कोपऱ्यात रे ॲलनकडे गेला आणि त्याच्या तीन पॉइंटच्या शॉटने बरोबरी झाली. सगळ्यात मोठा रिबाउंडर त्या वेळी टॉवेल घेऊन बसलेला होता. ओव्हरटाइममध्ये हरले. या निर्णयावर डंकनने कोचकडे बोट दाखवलेलं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

सातव्या मॅचमध्ये, शेवटच्या मिनिटात, स्पर्स दोन पॉइंटनी मागे. डंकनसमोर शेन बॅटियर, त्याच्यापेक्षा चार बोटं बुटका. रिंगच्या अगदी जवळून आयुष्यभर टाकलेला शॉट, तो हुकला. परत आलेला बॉल त्याने टोलवला, तोही हुकला. मागे धावत जाऊन तो बचावाला वाकला आणि दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. बिनचेहऱ्याचा माणूस म्हणून ज्याची टिंगल व्हायची, त्याचे ते हात मी कितीतरी वेळा थांबवून पाहिलेत.

पुढच्या वर्षी तोच मायामी, निकाल 4-1. पाच मॅचमधल्या फरकांची सरासरी 14 पॉइंट. तो बोरिस डियाव फायनलमध्ये असे पास देत होता की आमच्या मंडळातली पोरं रात्री दोन-दोन वाजता मला मेसेज करत होती. आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला 22 वर्षांचा क्वाय लेनर्ड. डंकन आता घरातला थोरला झाला होता. पंगतीत वाढायला उभा, स्वतः शेवटी बसणारा.

(प्रश्न आला आहे : पॉपोविच त्याच्यावर ओरडायचे का?) हो तर! सर्वांसमोर. आणि त्यामागे हिशेब होता. जिथे डंकन मान खाली घालून ऐकतो, तिथे नवा पोरगा कुठल्या तोंडाने रुसणार? माझंच सांगतो. अडतिसाव्या वर्षी कोचने मला दुसऱ्या फळीत टाकलं तर मी किट बॅग उचलून घरी गेलो होतो. बायको म्हणाली, जेवायला बसा. पंधरा दिवस त्या कोर्टावरून गाडीसुद्धा नेली नाही.

2015-16 हा त्याचा शेवटचा सीझन. पगार साधारण पन्नास लाख डॉलर, सरासरी 8.6 पॉइंट, आयुष्यातली सगळ्यात कमी, आणि संघाच्या 67 जिती, त्यांच्या इतिहासातल्या सगळ्यात जास्त. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा. 12 मे 2016 ला ओक्लाहोमा सिटीत ते प्लेऑफमधून बाहेर पडले. मॅच हातातून गेली होती तरी पॉपोविच यांनी त्याला बाहेर काढलं नाही. 19 पॉइंट केले. आत जाताना त्याने एक बोट वर केलं, बस.

11 जुलैला संघाने एक निवेदन काढलं. ना निरोपाचा दौरा, ना पत्रकार परिषद. दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे पॉपोविच एकटेच उभे राहिले, डंकनचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या संघाने त्याला म्हातारा म्हणून छापलं होतं, त्या माणसाला त्या दिवशी मधेच बोलता येईना.