लूप अडला की सगळेच अडतात

मंडळी, विषय ठरलाय तो पायथनमधला इव्हेंट लूप, म्हणजे अनेक कामांना आळीपाळीने पुढे नेणारा मुकादम, कुणी सांभाळायचा हा. पण त्याआधी एक जुनं दुखणं सांगतो, त्याशिवाय माझं म्हणणं पोचणार नाही.

मी होतो तिथे कर्मचाऱ्यांच्या हजेरीची सेवा असिंक-आयओवर, म्हणजे असा लूप पुरवणाऱ्या पायथनच्या लायब्ररीवर, चालायची. रोज सकाळी 9 वाजता ती गोठायची आणि थोड्या वेळाने आपसूक सुरळीत व्हायची. डेटाबेसवाल्यांवर खापर फोडून झालं, नेटवर्कवाल्यांवर झालं. 8 कोअरचा सर्व्हर आणला, तरी फरक नाही. एक कोअर पूर्ण तापलेला आणि सात रिकामे! तीन आठवडे असेच गेले. मग नुकत्याच लागलेल्या एका मुलीने असिंक-आयओचा डीबग मोड चालू केला. जे काम 100 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लूप धरून बसतं, त्याची त्यात लॉगला नोंद होते. सगळ्या नोंदी एकाच फंक्शनच्या निघाल्या : बीक्रिप्टने पासवर्ड तपासणाऱ्या.

बीक्रिप्ट मुद्दामच संथ केलेलं आहे, चोराला पासवर्ड ओळखत बसणं परवडू नये म्हणून. आमच्याकडे एका तपासणीला पाव सेकंद लागायचा. 200 जण एकदम आले की झाले 50 सेकंद. त्यात कंटाळून लोक पुन्हा बटण दाबणार. आणि ज्याचं लॉगिन केव्हाच झालंय, तोही बिचारा ताटकळणार.

मला राग आहे तो आमच्या निर्धास्तपणाचा. फंक्शनपुढे 'असिंक' लिहिलंय ना, मग झालं! अहो, त्या शब्दाने काम हलकं होत नाही. 'अवेट'पाशी खरोखर थांबायची वेळ आली, तरच लूपला दुसऱ्याकडे बघता येतं. कुकर लावून आपण भाजी चिरतो, शिट्टी ऐकू येतेच. पण नारळ खवायला बसलो की हात अडकले. तो दुसऱ्या कुणाकडून तरी खवून घ्यावा लागतो. इथे ते काम 'टू-थ्रेड'ने, म्हणजे त्याच प्रोग्रॅममधल्या वेगळ्या धाग्यावर (थ्रेडवर) सोपवून, झालं, पायथन 3.9 पासून ते आहे. बीक्रिप्टचं पॅकेज हिशेब करताना जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप, सोडतं, म्हणून थ्रेड पुरला. निव्वळ पायथनमधला हिशेब असता, तर वेगळी प्रोसेस लागली असती.

आयोजक घड्याळाकडे बोट दाखवताहेत, तेव्हा कबूल केलेलं आता भराभर सांगतो.

लूप हाताने बनवू नका. 2018 सालच्या 3.7 पासून 'असिंक-आयओ डॉट रन' आहे. ते लूप बनवतं, उरलेले टास्क, म्हणजे लूपवर सोपवलेली कामं, रद्द करतं, लूप बंद करतं. प्रोग्रॅमच्या दारात ते एकदाच बोलवा. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी तर त्याला हात लावूच नये. ज्युपिटरमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या पायथनच्या वहीत, लूप आधीच चालू असतो, तिथे 'रन' चूक दाखवतं; थेट 'अवेट' लिहा. 'गेट-इव्हेंट-लूप' पूर्वी मुख्य थ्रेडमध्ये लूप नसला तर गुपचूप बनवायचं, 3.14 मध्ये ते सरळ रनटाइम एरर देतं, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. दुसऱ्या थ्रेडमधून लूपला काम द्यायचं तर 'रन-कोरूटीन-थ्रेडसेफ'.

आणि 'क्रिएट-टास्क'ने परत दिलेला टास्क जपून ठेवा. लूप टास्कला फक्त वीक रेफरन्सने, म्हणजे टिकवून न ठेवणाऱ्या सैल पकडीने, धरतो, त्यामुळे काम अर्ध्यावर कचऱ्यात जाऊ शकतं. 3.11 पासून 'टास्कग्रुप' आहे : एक टास्क कोसळला की बाकीचे रद्द होतात, आणि सगळे आटोपल्याशिवाय ब्लॉकमधून बाहेर पडता येत नाही. नवा कोड मी आता त्यातच लिहितो.