कट मारायची एवढी घाई कशाला? थ्रिलरमधला सस्पेन्स आणि एडिटिंग

नमस्कार मंडळी! "ताई, थ्रिलर सीनला कट किती फास्ट ठेवू?" या एका प्रश्नाने तुम्ही माझं डोकं खाल्लंय. एकाने तर विचारलंय, "शॉट दोन सेकंदांचा चालेल की एकच?" अरे, कोथिंबिरीची जुडी घेतोयस का, मोठी द्या की लहान!

बेसिक पटकन उरकते. क्रॉसकटिंग म्हणजे दोन ठिकाणी चाललेल्या गोष्टी आलटून पालटून दाखवणं. मूकपटांच्या काळातला अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथ 1909 मध्ये हे करत होता, त्यात नवल काही नाही. जे-कट म्हणजे पुढच्या शॉटचा आवाज आधी, चित्र मागून. एल-कट उलटा. पॉइंट ऑफ व्ह्यू म्हणजे माणूस, तो बघतोय ते, परत माणूस. झालं, पुढे.

फास्ट कटने सस्पेन्स होत नाही. फार तर माणूस दचकतो. थ्रिलरवाल्या दिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल, 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना दिलेलं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक 15 सेकंद हादरतो. तोच आधी दाखवून ठेवला आणि वर माणसं निवांत गप्पा मारत बसली, तर 15 मिनिटं जीव टांगणीला. रील्सवर रोज फिरतं हे. पण मग एडिटरने करायचं काय, ते कुणी सांगत नाही. बॉम्ब एकदा दाखवला, पुन्हा कधी दाखवायचा? तुम्ही पाठवलेल्या फिल्म्समध्ये दर दोन डायलॉगनंतर बॉम्बचा क्लोजअप असतो. अहो, प्रेक्षक विसरलेला नाहीये! तो गप्पा ऐकतच नाहीये, मनातल्या मनात टेबलाखाली वाकलाय. तुम्ही बॉम्ब दाखवलात की किती वेळ उरलाय ते त्याला कळतं, आणि तेवढाच तो सैलावतो. नका देऊ त्याला ते. टेबलावरच थांबा.

आता खाली कमेंट येणारच, "मग सायको?" ठाऊक आहे. हिचकॉकचाच सिनेमा, 1960, एडिटर जॉर्ज टोमासिनी, शॉवरमधल्या खुनाचा सीन, कॅमेऱ्याचे 78 सेटअप, 52 कट. पण ते कट हल्ल्याचे आहेत हो! त्याच्या आधीचं बघा. नायिका मॅरियन अंघोळ करतेय, मागे प्लास्टिकच्या पडद्यापलीकडे एक आकृती जवळ येतेय. संगीत नाही, नुसतं पाणी पडतंय. हल्ला आहे तो पडदा ओढल्यावर, सस्पेन्स त्याच्या आधीच्या त्या थांबण्यात आहे. तुम्ही सुरा उचलता आणि सावली तिथेच सोडून येता.

मी मालिकांसाठी एडिटिंग केलंय, त्यामुळे हा आजार कुठून आला तेही माहितीये. सून म्हणते, "मला सगळं कळलंय." की लगेच सासू, दीर, जाऊ, सगळ्यांचे चेहरे, प्रत्येकावर झूम, ढॅण् ढॅण् ढॅण्! एवढे कट होतात, पण कुणाला काय कळलं याचा पत्ता नाही. एपिसोडची लांबी भरते, बस.

बरं, टाइमलाइन उघडते.

(स्क्रीनवर टाइमलाइन)

एका प्रेक्षकाने पाठवलेला सीन आहे, परवानगी घेतलीये. मुलगी सोफ्यावर मोबाइल बघतेय, मागे दाराचं हँडल खाली जातंय. मूळ कटमध्ये हँडल, चेहरा, हँडल, चेहरा, नुसतं पिंगपाँग. मी हँडल एकदाच ठेवलं. आता ही मुलगी. मोबाइल बघतेय, अंगठ्याने स्क्रोल करतेय. इथे तुमचा हात कटकडे जातो ना? माझाही जातो. थांबा. 24 फ्रेम अजून, म्हणजे पुरता एक सेकंद. तिने मान वर केली! आता वाटतं हिला कळलं. नाही, चार्जर शोधतेय. तो शॉट मूळ फिल्ममध्ये उडवला होता, "काही घडत नाही" म्हणून. अहो, सगळं तिथेच घडतंय! आता ती वळते. तरी दारावर जायचं नाही. वळताना डोळे फिरतात, मग कशावर तरी थांबतात. थांबले? दोन फ्रेम अजून. आता कट. प्रेक्षकाला कट हवाहवासा झाला की त्याच्या जरासा नंतर द्यायचा, एवढंच करायचंय. पण हे "जरासा" कोणत्याही प्रीसेटमध्ये मिळत नाही, ते पुन्हा पुन्हा प्ले करूनच सापडतं.

क्रॉसकटिंगमध्येही हेच. द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज, 1991, एडिटर क्रेग मॅके. बघितला नसेल तर एक मिनिट पुढे ढकला. एफबीआयची टीम एका घराला वेढा घालते, एक जण फुलं घेऊन बेल दाबतो. तळघरात खुन्याला बेल ऐकू येते. तो दार उघडतो, तर समोर एकटी क्लॅरिस, एफबीआयची शिकाऊ एजंट. टीम चुकीच्या घरावर! सगळे या फसवणुकीचं कौतुक करतात, आणि ती आहेच भारी. पण मला त्याच्या पुढचं आवडतं. दार उघडलं, आपल्याला कळलं हा कोण आहे, तिला नाही. ती आत जाते, सभ्यपणे प्रश्न विचारते. तिथे कुणी कट मारत सुटलेलं नाही, दोघांना निवांत बोलू दिलंय. पुन्हा बॉम्ब आणि गप्पा.

आपल्याकडचं हवं असेल तर अंधाधुन, 2018. एडिटर पूजा लढा सुरती, लेखनातही त्यांचं नाव आहे. आंधळ्याचं सोंग घेतलेला आकाश पियानो वाजवतोय आणि त्याच खोलीत दोघं जण मृतदेह आवरतायत, तोंडातून चकार शब्द न काढता. चित्रात कट होत राहतात, पियानो मात्र अखंड चालू. त्याला दिसतंय हे आपल्याला माहीत, त्यांना नाही. बोटं थांबली की तो मेला. (पुणेकरांनो, कुठे शूट झालं ते कमेंटमध्ये लिहू नका, मागच्या वेळी त्यावरून दोनशे रिप्लाय झाले.)

आवाजावरून आठवलं. आमची आई थ्रिलर बघताना डोळ्यांवर पदर घेते, कान उघडेच. आणि घाबरते पूर्ण! म्हणून जे-कट. जिन्यावरची पावलं आधी ऐकवा, चेहरा मोबाइलवरच राहू दे. आणि ते "रायझर साउंड (ताण वाढवायला हळूहळू चढत जाणारा आवाज) कुठून डाउनलोड करू?" विचारणाऱ्यांनो, आधी म्युझिक ट्रॅक म्यूट करून सीन बघा. म्यूट केल्यावर सीन मेला तर रायझर काही करू शकत नाही, हँडलच्या शॉटवर परत जा.

आता तुमचा दाराचा सीन पाठवा, एकच दार, एकच माणूस, एक मिनिटाच्या आत. लिंक पाठवा, व्हॉट्सॲपवर नको, तिथे क्वालिटीची वाट लागते. पुढच्या लाइव्हला उघडते.